उजवा मागचा पाय

माझ्या पोटऱ्या भरून आल्या त्या दिवशी आमच्या घरात आनंदीआनंद झाला. हे वाचून ज्यांना माझ्या घरच्यांचा राग येईल त्यांनी जरा दम धरावा. राग मलाही आला होता, पण त्या वेळी तो ऐकून घ्यायला घरात कुणी मोकळं नव्हतं.

मी सारिका, परंदवडीची. पोलीस भरतीची तयारी करत होते. वयाच्या अटीत बसणारी ही माझी शेवटची भरती. मैदान मारलं तर खाकी, नाही तर जन्मभर कंपनीत पट्ट्यावरून येणारे खोके चिकटवायचे. खोके चिकटवण्यात मला कमीपणा वाटत नाही, कंटाळा येतो. इतका की कधी कधी वाटतं, एखाद्या खोक्यात आपणच बसावं आणि वरून चिकटपट्टी मारून घ्यावी, निदान कुठेतरी पोचू तरी.

कंपनीत माझी पहिली पाळी. दुपारी बस सोमाटण्याला सोडायची, तिथून घरी येऊन कपडे बदलून पळायला जायचं म्हणजे ऐन उन्हात. पहाटे पळावं तर आमच्या गावची कुत्री माझ्यापेक्षा चांगली पळतात. म्हणून मी चैत्राच्या दुपारी गावच्या घाटात पळायचे. घाट म्हणजे डोंगरातला नव्हे. जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात तो चढणीचा मातीचा पट्टा, त्याला आमच्याकडे घाट म्हणतात. वर सूर्य, खाली तापलेली माती, बाटलीतलं पाणी चहा टाकण्याइतकं गरम, म्हणून तेही मी प्यायचे नाही. भरती जवळ आली तशा मी एका आठवड्यात फेऱ्या दुप्पट केल्या. मग एके दिवशी दोन्ही पोटऱ्यांचे दगड झाले आणि डाव्या पायाच्या घोट्यामागची जाड शीर अशी ठणकायला लागली की टाच टेकवेना.

डाव्या पायाच्या. हे मी आत्ताच स्वच्छ लिहून ठेवते, कारण पुढे मला ते कुणी बोलू दिलं नाही.

आता आबा. माझ्या वडिलांचे वडील, कोंडाजी. त्यांचा सभापती नावाचा शर्यतीचा बैल होता आणि ते नाव त्याला शोभायचं. बाकीची जनावरं उभी असली तरी हा बसलेला असायचा, आणि हा उठला की माणसंसुद्धा उठून उभी राहायची. घाटात मात्र असा सुटायचा की कडेच्या लोकांच्या टोप्या उडायच्या. गेल्या कार्तिकात सभापती गेला. तेव्हापासून आबा रिकाम्या गव्हाणीसमोर बसून असत. आई भाकरी वाढू का विचारायची तर म्हणायचे व्हय, दूध विचारलं तर न्हाई. या दोन शब्दांपलीकडे सहा महिने त्यांच्या तोंडून काही निघालं नव्हतं. माझे वडील कायम दुसऱ्या पाळीला असतात. ते या गोष्टीत फारसे येत नाहीत, घरातही फारसे येत नाहीत.

त्या दिवशी मी भिंत धरत धरत अंगणात शिरले. आबांनी मान वर केली, मला खालपासून गुडघ्यापर्यंत पाहिलं, गुडघ्याच्या वर बघायची त्यांना गरज वाटली नाही, आणि म्हणाले, "उजव्या मागल्या पायात कसर हाय. शीर धरलीय."

आईच्या हातातलं ताट पडलं. "आबा बोललं! अगं सारे, आबा बोललं!" म्हणत ती रडायलाच लागली.

"आई, डावा पाय दुखतोय," मी म्हणाले.

"गप बस तू," आई डोळे पुसत म्हणाली. "बोलू दे त्यानला."

आबा बोलायला लागले ते थांबेनात. सहा महिन्यांचं तुंबलेलं होतं सगळं. त्यांनी आईला मोहरीचं तेल कोमट करायला लावलं, हळद आणि चुन्याचा लेप कालवला, आणि मला गोठ्यात नेऊन उभं केलं, कारण घरातली फरशी पायाला वाईट आणि गोठ्याची भुई मऊ. माझ्या उजव्या पोटरीला त्यांनी असं तेल रगडलं की तो पाय जन्मात पहिल्यांदा पाय असल्यासारखा वाटला. डावा बाजूला ठणकत उभा होता.

"आबा, हा न्हाई. तो," मी म्हणाले.

"ठणका तिकडं असतोय, मूळ हिकडं असतंय," आबा म्हणाले. "हल नको."

दुसऱ्या दिवशी खुराक सुरू झाला. भिजवलेले उडीद, गव्हाच्या पिठाचे तूप घातलेले गोळे, कच्ची अंडी आणि वर दूध. गोळे आबा स्वतःच्या हाताने भरवायचे, आणि भरवताना माझ्या हनुवटीखाली हात धरायचे. चालायला बंदी झाली. शर्यतीचं जनावर कधी चालत घाटात जात नाही, टेम्पोतून जातं. म्हणून माझा चुलतभाऊ समर्थ याची भाजीची पिकअप आमच्या दारात उभी राहायला लागली. मागे पेंढा पसरलेला. मी पुढे बसते म्हटलं तर आबा म्हणाले, "फुडं हिसकं बसत्यात." मी कोबीच्या देठांचा वास घेत मागे बसून कंपनीच्या बसपर्यंत जायचे. वाटेत ओळखीचे लोक भेटले की समर्थ गाडी हळू करायचा आणि ते माझ्या पायांना रामराम घालायचे.

आणि मग बघायला येणारे सुरू झाले.

मुलीला बघायला येतात ते मला ठाऊक होतं, त्यातून मी दोनदा गेलेही होते. पण हे वेगळं होतं. सगळे जुने गाडामालक, आबांचे दोस्त, कुणी उर्स्याचे, कुणी इंदुरीचे. सभापती गेल्यापासून त्यांनाही आमच्या दारात यायला निमित्त नव्हतं. ते यायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "चालवून दावा की." मग मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, आणि चार फेटे, दोन टोप्या आणि एक हेल्मेट माझ्या पायांबरोबर वळायचं. हेल्मेट उर्स्याच्या भिकाजींचं होतं. त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पण पायातली कसर आपल्याला आवाजावरून कळते असं ते सांगत.

"उजवाच," भिकाजी डोळे मिटून म्हणाले. "शंकाच न्हाई."

"मागला उजवा," दुसरे म्हणाले.

"मला पुढचे पाय न्हाईत काका," मी म्हणाले. "मागला मागला काय करताय?"

"तोंडाळ हाय," भिकाजी आबांना कौतुकाने म्हणाले. "असलीच पळत्यात."

समर्थने माझ्या चालण्याचा व्हिडिओ काढून त्यांच्या ग्रुपवर टाकला. गाव न बघितलेल्या माणसांची उत्तरं आली. सांध्यात नाही, शिरेतच आहे. लेपात मीठ घाला. दातात किती आहे, म्हणजे वय काय. एकाने तर विकत देणार का असं विचारलं. आबांनी समर्थकडून लिहून घेतलं, "घरची हाय, द्यायची न्हाई." त्याला अंगठे आले पन्नासेक.

मी भडकले. अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडले, "पाय माझा हाय! कुटं दुखतंय ते एकानं तरी मला इचारलंय का?"

आबांनी खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "जनावर काय सांगतंय व्हय? आपुन वळखायचं असतं."

"आबा, सारिका जनावर न्हाई," आई म्हणाली.

"तेबी खरंच," आबा म्हणाले. आणि तेलाची वाटी घेऊन उजव्या पायापाशी बसले.

शेवटी आईनेच हट्ट करून मला वडगावला डॉक्टरकडे नेलं. चैताली मॅडम, स्नायू आणि सांध्यांच्याच डॉक्टर, वयाने माझ्याएवढ्याच. आबा बरोबर आलेच. मॅडमनी मला विचारलं, "काय होतंय?" आणि आबांनी सांगायला सुरुवात केली. माझा पाय, त्याची चाल, त्याचा खुराक, सगळं. मॅडम ऐकता ऐकता लिहायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड न हलवता म्हणाले, "डावा." त्यांनी डाव्या घोट्यामागची शीर दोन बोटांत धरून दाबली आणि मी अशी काही ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"बघा," आबा आनंदाने म्हणाले, "उजव्याचं दुखणं डावीकनं निगालं."

मॅडमनी नीट समजावलं. तयारी नसताना एकदम पळणं वाढवलं की पोटरी आणि तिची शीर दोन्ही चिडतात. त्यात चढ, त्यात ऊन. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, ते भरून काढलं नाही तर दमलेल्या स्नायूला गोळे येतात. थोडे दिवस पळणं बंद, मग पहाटे, सपाटीवर, हळूहळू वाढवत. पाणी घोट घोट, त्यात मीठ आणि साखर. दुखऱ्या जागी बर्फ, कापडात गुंडाळून. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. आबा हात जोडून ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं अक्षरशः सगळं केलं. एकही गोष्ट चुकवली नाही. फक्त सगळी उजव्या पायाला केली.

बर्फाची लादी तळेगावहून आली, मासेवाल्याकडून, त्यामुळे माझ्या उजव्या पोटरीला बांगड्याचा वास यायचा. पायरीवर उभी राहून मी टाच खाली सोडायला लागले की आबा डाव्या पायाला हाताने वर धरायचे, त्याने मध्ये लुडबूड करू नये म्हणून. डाव्यासाठी मी न्हाणीत चोरून बर्फ न्यायचे आणि कडी लावून तिथल्या उंबऱ्यावर त्याचा व्यायाम करायचे. स्वतःच्या पायाचे लाड असे लपूनछपून करणारी मावळात मी एकटीच असेन. पाण्याचंही त्यांनी मनावर घेतलं. मॅडम प्यायच्या पाण्याबद्दल बोलल्या होत्या, पण शर्यतीच्या बैलाला पोहायला नेतात, त्याला पवनी म्हणतात, म्हणून आबांनी मला पवना नदीवर नेलं. कमरेला दोर बांधून मी गळ्याइतक्या पाण्यात उभी, काठावर आबा दोर धरून, आणि पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघतायत. त्यातली एक म्हणाली, "वढा भाऊ, बुडंल ती." आबा म्हणाले, "पवनी लागलीय, पवू द्या."

तेजलने, कंपनीतल्या मैत्रिणीने, माझ्याशी पाळी बदलून घेतली आणि मी पहाटे पळायला लागले. मागे समर्थची पिकअप, दिवे लावून, कुत्र्यांना हॉर्न देत. पाय सुधारत होता. म्हणजे उजवा तर कमालीचा सुधारला होता, तो आता एकटासुद्धा भरती झाला असता. डावा मात्र सहन करत होता एवढंच. मैदानावर त्याचं काय होईल, या भीतीवर मात्र कुठला लेप नव्हता.

एके संध्याकाळी मी आईशी भांडले. "त्यांना इतकं कळतं ना बैलातलं, मग डावा-उजवा कळत न्हाई? मुद्दाम करत्यात."

आई शेंगा फोडत होती. तिने हात थांबवला. "सभापतीचा उजवा गेलता," ती म्हणाली. "तू कामावर हुतीस गेल्या चैतातल्या जत्रंच्या दिशी. आपली बारी नेमकी भर दुपारी आली. ऊन असं की मातीला हात लाववंना. सकाळधरनं मागला उजवा उचलून उभा हुता तो. आबांनी बघितलं हुतं. पर सगळी म्हनाली पळंल, पळंल. आबाबी म्हनलं, पळंल. पळला गं. पयला आला. त्येच्या नंतर नीट उटलाच न्हाई, कार्तिकात गेला."

मला फार वाईट वाटलं. सभापतीचं वाटलं आणि आबांचं त्याहून जास्त वाटलं. त्यानंतर डाव्या पायाचा विषय मी घरात काढला नाही. संध्याकाळी गोठ्यात जाऊन आपणहून उजवा पाय पुढे करायचे.

भरतीचं मैदान पुण्याकडे होतं. पहाटेच बोलावलं होतं, पण पोरींची गर्दी इतकी की आमच्या गटाची पाळी यायला दुपार झाली. ऊन डोक्यावर. मैदानाला तारेची जाळी आणि जाळीपलीकडे पिकअपमधून आलेलं आमचं सगळं मंडळ, फेटे, टोप्या आणि हेल्मेट. भिकाजींनी उधळायला भंडारा आणला होता, तो गेटवरच्या हवालदाराने काढून ठेवायला लावला. आबांच्या हातात बर्फाची बादली.

आधी आठशे मीटर. पहिली फेरी बरी गेली. मी मीठ-साखरेचं पाणी पीत आले होते, डोकं शाबूत होतं. दुसऱ्या फेरीच्या वळणावर डाव्या पोटरीत गाठ बसली आणि घोट्यामागे कुणीतरी दोरी पिळतंय असं व्हायला लागलं. मी उजव्यावर भार टाकून पळाले. तो बिचारा पळालाही, खाल्ल्या तुपाला जागला. पण वेळ गेला. गुण कमी पडले. थोड्या वेळाने शंभर मीटर होते, त्यात भरपूर मिळाले तरच निभाव, नाही तर खोके.

मी लंगडत जाळीपाशी येऊन बसले. एक फौजदार मॅडम माझ्यामागे आल्या. "कोणता पाय?" त्यांनी विचारलं.

"उजवा!" जाळीपलीकडून एका सुरात उत्तर आलं.

मॅडम दचकल्या. त्यांनी खाली बसून माझा उजवा पाय हातात घेतला, दाबला, हलवून पाहिला. "हा तर ठीक आहे. नक्की कुठं दुखतंय तुला?"

आणि मला सांगता येईना. इतके दिवस माझं दुखणं दुसरेच सांगत आले होते, तर आता खरोखर विचारल्यावर माझी मान आपोआप आबांकडे वळली. ते काय म्हणतात याची मी वाट बघत राहिले.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "पुढची धाव तू पळणार की नाही ते मला आत्ता सांग. जमत नसेल तर थांब. पळायचं असेल तर तुझ्या हिमतीवर."

"पळंल!" भिकाजी ओरडले. "पळंल, पळंल! पळवा तिला!" आणि सगळ्यांनी तोच धोशा लावला. पळंल, पळंल.

आबांच्या हातातली बादली खाली गेली. त्यांनी दोन्ही हातांनी जाळी धरली. "गप बसा!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडे शिट्टी वाजवणारा शिपाईसुद्धा गप्प झाला. मग मॅडमना म्हणाले, "आमाला नका इचारू. तिला इचारा." थोडे खाली वाकले आणि स्वतःच मला विचारलं, "सारे, कुटं दुकतंय गं?"

"डावा, आबा," मी म्हणाले. मला रडू फुटलं. "पयल्यापासनं डावाच."

भिकाजींनी हेल्मेट काढून हातात घेतलं. आबा माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिले. जणू तो पाय त्यांनी यापूर्वी कधी पाहिलाच नव्हता.

"मंग उजवा?"

"उजवा कवाच दुखला न्हाई."

आबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत होते. "उजवा त्येचा हुता," ते म्हणाले.

मग ते खाली बसले. बादलीतला बर्फाचा तुकडा धोतराच्या सोग्यात धरून त्यांनी जाळीखालून हात आत घातला आणि माझ्या डाव्या घोट्यामागे टेकवला. "पळायचंय का तुला?" त्यांनी विचारलं. "न्हाई म्हनलीस तर गाडीत बसू आन् घरी जाऊ. कुनी एक सबूद बोलनार न्हाई, मी हाय."

मी विचार केला. खरंच केला, कारण थांबता येईल असं मला घरचं माणूस पहिल्यांदाच सांगत होतं.

"लय दुखतंय," मी म्हणाले. "पर पळायचंय."

"मंग पळ," आबा म्हणाले.

शंभर मीटर म्हणजे काय, सुरू होईपर्यंत संपतात. त्यातलं प्रत्येक डावं पाऊल मला आठवतं. जाळीकडून एक आवाज आला नाही. गुण पुरले, काठावर पुरले, पण पुरले. पुढे लेखी परीक्षाही निघाली. आज मी खाकीत आहे आणि दुपारच्या बंदोबस्ताला टाच अजून कुरकुरते.

घरी जाताना आबांनी मला पिकअपमध्ये पुढे बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. भिकाजी आणि बाकीचे मागे पेंढ्यावर. सोमाटणे येईपर्यंत आबांनी विचारलं की नेमकं कसं दुखतं, टोचतं का पिळतं, सकाळी जास्त का रात्री, आणि मी सगळं सांगत गेले. मध्येच ते म्हणाले, "त्येला बी असंच हुत आसंल का गं?"

"व्हय आबा," मी म्हणाले. "असंच हुत आसंल."

मग ते खिडकीकडे तोंड करून रडले, आणि समर्थने गाडी हळू घेतली.